मिटल्या डोळ्यांचा साचा

बाळानं सांगितलं तेव्हा रंभा बोंबलाच्या वाट्यावर हात ठेवून घासाघीस करत होती. कोळीण वरचे दोन बोंबील टाकायला तयार नव्हती, रंभा वाटा सोडायला तयार नव्हती, आणि मागून कुणीतरी ‘काकी’ म्हणून हाक मारली. बाळा हा तिच्या भूपेशच्या जोडीचा. दोघं एकाच कारखान्यात मूर्ती करायला होते. भूपेश गेल्यापासून हा पोरगा तिला टाळायचा. रस्त्यात समोर आला तर मोबाइल कानाला लावायचा, हळदीला दिसला तर मांडवाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचा. रंभानं त्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. मेलेल्या पोराच्या आईच्या तोंडाकडे बघणं सोपं नसतं. ती स्वतःसुद्धा आरशापुढे फार वेळ उभी राहत नसे, कारण भूपेशचं नाक तिचंच होतं, उभं, मध्ये जरा उचललेलं. आज मात्र बाळा आपणहून आला, इकडंतिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “काकी, भूपेश लागलाय. चौक गावाला किल्ल्यापाशी ते लढाईचं म्युझियम उघडलंय ना, तिथं. तिसऱ्या दालनात.” मग कोळणीच्या सुरीकडे बघत म्हणाला, “जाशील तर एकटी जा. त्याच्या पोरांना नको नेऊ.” कोळणीनं मागितले तेवढे पैसे तिनं देऊन टाकले आणि चालू लागली. घरी येऊन पिशवी उघडते तर आत कोथिंबीर तेवढी होती. बोंबील तिथंच पाटीवर राहिले होते. ती ओट्यावर बसली. कोथिंबीर बाजूला काढून रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली, पुन्हा उघडली, पुन्हा घडी केली.

साच्याची गोष्ट तिला ठाऊक होती. लॉकडाऊनच्या आधीची. भाईंदर पूर्वेला गाळ्यांमध्ये तो कारखाना होता. गणपतीच्या दिवसांत गणपती, एरवी बागेतली हरणं, हॉटेलापुढचे दरवान, जे काम येईल ते. म्युझियमचं काम आलं तेव्हा लढाईला पुरतील एवढी माणसं घडवायची होती, आणि एवढे चेहरे आणायचे कुठून, म्हणून मालकानं कामगारांनाच फळ्यांवर आडवं करून त्यांच्या तोंडांचे साचे काढले. तोंडाला वॅसलीन फासायचं, नाकपुड्यांत दोन नळ्या घालायच्या, डोळे मिटायचे आणि वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. सुकेपर्यंत हलायचं नाही, हसायचं नाही. भूपेश त्या संध्याकाळी घरी आला तो भुवयांत पांढरे कण अडकवून. धाकटा निकेत तेव्हा सुनेच्या, हेमांगीच्या पोटात होता, तिला वास सहन होत नव्हता, म्हणून रंभानंच पोराला ओट्यावर घेतलं, त्याचं डोकं मांडीवर ठेवून खोबरेल लावून एकेक कण नखानं काढला. एवढा बाप्या, पोरीचा बाप झालेला, पण डोळे मिटून लहानासारखा पडून राहिला. “आये, आज मी मरून आलो,” म्हणाला. “आतमध्ये नुसता काळोख. कान बंद. बाळा हसत व्हता तो लांबून कुठूनशी ऐकू येत व्हता.” तिनं त्याच्या तोंडावर चापट मारली, अभद्र बोलू नको म्हणाली. मग तो डोळे न उघडताच म्हणाला की मालकानं सांगितलंय, तुझं नाक सरदाराचं हाय, तुला घोडा देणार. रंभा खूप हसली होती. नाक तिचं, घोडा त्याला. मिठागरात जन्म घालवलेल्या घराण्यात घोड्यावर कोणी बसलं नव्हतं. नवरदेव म्हणून बसला असेल तेवढाच, तोही भाड्याच्या. त्यानंतर काम थांबलं, गाळे बंद झाले, सगळंच थांबलं, आणि ते म्युझियम, तो घोडा, यांचं काय झालं हे विचारायला भूपेश उरला नाही.

तो एप्रिलात गेला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. अंगात ताप घेऊन आपल्या पायांनी रिक्षात बसला, रिक्षातून हात केला. त्यानंतर तिला दिसला तो लांबून, गाडीच्या उघड्या दारातून, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं लांबट काहीतरी, त्यावर चिकटपट्टीनं लावलेलं नाव. धर्माजी, तिचा नवरा, एकटा पुढे गेला. परत आला तो अंगणातच बसला, डोक्यावर पाण्याचे तांबे ओतून घेतले आणि एवढंच बोलला, “तोंड न्हाय दावलं.” पुढच्या वर्षी तोही गेला. त्याचं तोंड तिनं नीट पाहिलं, ओल्या फडक्यानं पुसलं, हनुवटी बांधली, डोळ्यांवर तुळशीची पानं ठेवली. नवऱ्याचं दुःख मोठं होतं, पण त्याला कडा होत्या. रडून झाल्यावर ते आपल्या जागी जाऊन बसलं. पोराच्या दुःखाला बसायला जागाच मिळाली नाही. ते त्या रिक्षात राहिलं, हात हलवत. कधी बाजारातून येताना एखाद्या टेम्पोवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या नव्या गाद्या दिसत. कुठल्यातरी दुकानाच्या पायरीवर टेकावं लागे. कधी पहाटे वाटे, त्या प्लास्टिकात दुसराच कोणी असला तर? चिकटपट्टी काय, कुणालाही लागते. हे ती कोणापाशी बोलली नव्हती. बोलली असती तर लोक म्हणाले असते, म्हातारीचं डोकं फिरलं, आणि ते खोटंही नव्हतं.

हेमांगीला नावं ठेवायला जागा नव्हती. मीरा रोडला एका लॅबच्या काउंटरवर ती काम करायची, तिथंच भावाच्या शेजारी भाड्याच्या खोलीत राहायची, पण दर शनिवारी दोन्ही पोरांना मुर्ध्याला सासूकडे आणून सोडण्यात तिनं कधी खंड पाडला नाही. आता ती दुसरं लग्न करत होती. योगेंद्र बोईसरला कंपनीत, त्याची पहिली बायको वारलेली. शांत माणूस. पहिल्यांदा मुर्ध्याला आला तेव्हा रंभाच्या पाया पडला आणि मग भूपेशच्या फोटोपुढेही हात जोडून उभा राहिला. रंभाला त्याचा राग करायचा होता, मनाची तयारी करून बसली होती. तो राग तिला करता आला नाही, आणि न करता आलेल्या रागाचं काय करायचं हे कळत नव्हतं. मे महिन्यात लग्न, जूनपासून पोरं बोईसरच्या शाळेत. हेमांगी तिला बाजूला घेऊन म्हणाली होती, “आई, निकेत त्यांना पप्पा म्हणतोय. म्हणू दे. तुम्ही त्याच्यापुढे जुनं काही काढू नका, पाया पडते.” रंभानं मान हलवली होती. खरं तर जुनं काढण्यासारखं निकेतपाशी काही नव्हतंच. बाप गेला तेव्हा तो रांगत होता. त्याच्या लेखी दोन बाप होते, एक ‘बोईसरवाले पप्पा’ आणि एक ‘हारवाले पप्पा’. हारवाले पप्पा म्हणजे भिंतीवरचा फोटो, लग्नातला, गॉगल लावलेला. गॉगलच्या काचेत फोटोग्राफरची छत्री दिसायची आणि डोळ्यांचा पत्ता नाही. भूमिका आठ वर्षांची, तिला थोडं आठवायचं. काय आठवतं म्हणून विचारलं तर ती म्हणायची, पप्पांच्या बोटांना वास यायचा. रंगाचा. चेहरा तिलाही फोटोतलाच आठवायचा.

म्हणून बाळाचं ऐकायचं नाही असं रंभानं त्या रिकाम्या पिशवीशी बसूनच ठरवलं. एकदा, पोरं बोईसरला जायच्या आधी, निकेतला त्या चेहऱ्यापुढे उभं करायचं. कागदावरच्या नव्हे, पुढून, बाजूनं, फिरून बघता येईल अशा. आणि सांगायचं, हा तुझा बापूस. एवढं एकच वाक्य. हेमांगीला दिलेला शब्द मोडत होता, पण तिनं स्वतःची समजूत घातली की हे जुनं काढणं नव्हे, हे नवीनच आहे, आताच तर लागलंय. आठवडाभर ती ते वाक्य मनात घोळवत राहिली. भांडी घासताना म्हणून बघायची. कधी ‘बापूस’ म्हणायची, कधी ‘पप्पा’. घोड्यावर बसलेला असेल तर पोराला उचलून घ्यावं लागेल, कंबर धरेल, तरी उचलायचं. लढाईत कोण कोणाशी लढलं, कोण जिंकलं, हे तिला भूपेशनंच कधीतरी सांगितलं होतं, वसईच्या मोहिमेतलं, मराठे आणि फिरंगी. त्यातलं तिला फार आठवत नव्हतं आणि त्याची तिला गरजही वाटत नव्हती. रविवारी तिनं पोरांना पेज खाऊ घातली, भूमिकाच्या दोन वेण्या घातल्या, स्वतः हळदीकार्याला नेसायचं लुगडं नेसली. भूमिकानं विचारलं, आजी, म्युझियमला जायला एवढं कशाला नटलीस? तिनं सांगितलं, मोठ्या लोकांकडे जायचं तर नीट जावं.

बस मुर्ध्यावरून निघाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं लागली. काही चालू, बरीच पडीक, काही ठिकाणी भराव टाकून पत्रे ठोकलेले. उन्हात पाण्याचे चौकोन चमकत होते. रंभानं सवयीनं डोळे बारीक केले. या चौकोनांत तिची उमर गेली होती. डोक्यावर मिठाची पाटी, टाचांना पडलेल्या भेगांत खारं पाणी, आणि बांधावर भूपेश झोळीत. चालता यायला लागल्यावर तो एकदा बांधावरून पालथा पडला होता, हनुवटी फुटली, आणि जखमेवर मीठच मीठ. त्याचं ते ओरडणं तिला अजून ऐकू यायचं. त्याची खूण हनुवटीवर राहिली, तांदळाएवढी. वाचायलाही ती त्याच्याबरोबरच शिकली, त्याच्या अंकलिपीवरून, तिशीच्या पुढे. तो शाळेतून आला की अक्षर दाखवायचा, ती बांधावरच्या ओल्या चिखलात काढायची. त्यामुळे तिला अजूनही अक्षर वाचलं की आधी चिखल आठवायचा आणि मग अर्थ. निकेत खिडकीला नाक लावून बसला होता. त्याचं नाक चपटं झालेलं काचेत दिसत होतं. डोंगरीचा थांबा आला, गेला. चढावर बस गुरगुरली आणि डाव्या हाताला एकदम समुद्र आला.

म्युझियम नवं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. पहिल्या दालनात नकाशे आणि गलबतं. भूमिका पाट्या मोठ्यानं वाचत होती, रंभा तिच्या मागून हळूहळू, एकेक शब्द जुळवत. भूमिका पुढच्या पाटीवर गेलेली असायची तेव्हा ही मागच्या पाटीच्या शेवटाला यायची. दुसऱ्या दालनात तलवारी, ढाली, गोळे, आणि दर थोड्या वेळानं तोफेचा आवाज. पहिल्या आवाजाला निकेत तिच्या लुगड्यात शिरला, दुसऱ्याला हसला, तिसऱ्याची वाट बघत उभा राहिला. “आजी, आपण कोण? मराठे का फिरंगी?” त्यानं विचारलं. भूमिका म्हणाली, मराठे रे, येड्या. रंभानं खरं काय ते आठवून बघितलं. “आपली माणसं तेव्हा मिठागरात असतील,” ती म्हणाली. “लढाई संपली की दोघांनाही मीठ लागलं असंल.” हे उत्तर निकेतला पसंत पडलं नाही. त्याला तलवार हवी होती, मीठ नको होतं. तो बोटांची बंदूक करून पुढे पळाला. रंभाचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. पुढच्या दारावर ‘दालन तिसरे’ अशी अक्षरं होती, तिनं ती एका दमात वाचली, आणि आठवडाभर घोळवलेलं वाक्य एकदम कुठे गेलं ते तिला सापडेना. तिनं पदर सारखा केला. लग्नाआधी मुलाकडचे बघायला यायचे तेव्हा असं व्हायचं. आता कोण कोणाला बघायला आलं होतं?

आत उजेड कमी होता. अख्खी खोली म्हणजे एक फुटलेला तट, मागे रंगवलेलं आभाळ, धूर, पुढे खडक आणि वाळू, आणि सगळीकडे माणसं, खरोखरच्या उंचीची. अलीकडे दोरी बांधलेली. रंभानं आधी घोडा शोधला. घोडा होता, त्यावरचा सरदार गुटगुटीत, गोल गालांचा, कुणा भलत्याच घरचा. तिचं मन खट्टू झालं. मग ती एकेक उभा माणूस बघत दोरीच्या कडेकडेनं सरकली. निशाण धरलेला, शिडीवर चढणारा, बंदूक रोखलेला. आणि एकदम बाळा. तटावर, भल्या मोठ्या मिशा लावलेला, डोळे वटारलेले, तलवार उगारलेला बाळा. ती जवळजवळ हसली. मेल्या, तू इथं काय करतोस, असं तिच्या ओठांवर आलं. बाळा आहे म्हणजे भूपेश आसपास असणारच, दोघं कधी वेगळे नव्हते. तिनं बाळाच्या नजरेच्या रोखानं बघितलं, वरून खाली, आणि तोफेच्या चाकाला टेकून पडलेल्या माणसावर तिची नजर आली.

डोक्याला मुंडासं, छातीवर लाल रंग, मान एका खांद्यावर कललेली, डोळे मिटलेले. नाक उभं, मध्ये जरा उचललेलं. हनुवटीवर तांदळाएवढी खूण. रंभाला रडू आलं नाही. तिला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. पायांपासून वर एक गार, मऊ असं काहीतरी चढत गेलं, भरतीचं पाणी आगरात शिरतं तसं, आवाज न करता. तोंड दिसलं. इतकंच तिच्या मनात पुन्हापुन्हा येत राहिलं. हे असं असणार, त्या प्लास्टिकच्या आत, असंच, शांत, काही दुखत नसल्यासारखं. ओट्यावर मांडीत डोकं ठेवून पडला होता तेव्हाचंच हे तोंड; नखानं कण काढून झाले होते आणि तरी ती उगाच त्याच्या भुवयांवरून बोट फिरवत बसली होती, तो उठेना म्हणून आणि तिला उठवेना म्हणून. घोडा नाही मिळाला तर नाही मिळाला. पडलेल्याला कुणी पुढे पळ म्हणत नाही. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मग पोरांची आठवण झाली. वाक्य परत आलं होतं, जिभेच्या टोकावर, सोपं. “निकेत, हिकडं ये,” तिनं हाक मारली आणि तो कुठं आहे म्हणून मान वळवली.

तटाच्या खाली दगडांत एक फिरंगी पडला होता. लोखंडी अंगरखा, गुलाबी तोंड, सोनेरी दाढी. नाक उभं, मध्ये जरा उचललेलं. रंभा बघत राहिली. त्याच्या पलीकडे एक नावाडी, अर्धा वाळूत, डोक्यावर केस नाहीत, आणि तेच नाक. शिडीखाली एक मिसरूड फुटलेला पोरगा, तोच. त्याच्या पायाशी दुसरा फिरंगी, काळ्या दाढीचा, तोच. दाढीतून खूण दिसत नव्हती, पण मिटलेल्या पापण्यांना लपवायला दाढी नव्हती. खोलीत जेवढे उभे होते त्यांची तोंडं वेगवेगळी होती. जेवढे पडले होते तेवढे सगळे भूपेश. तिला हळूहळू उमजलं, आणि जसजसं उमजलं तसतसं दोरी हातात घट्ट झाली. उभ्या माणसाचे डोळे उघडायला लागतात. ते काम वेळेचं, कसबाचं. मेलेल्याला डोळे उघडावे लागत नाहीत. साचा जसा निघाला तसा चालतो. फळीवर पाच-सहा जण झोपले असतील, पण इतकं स्वस्थ कोण पडून राहिलं असेल? दुसरे हसले असतील, कुणाच्या कपाळाला आठी पडली असेल. हा लहानपणापासून झोपला की गाढ. काम पुन्हा चालू झालं तेव्हा हा नव्हता आणि साचा होता. बाळानंच त्यातून ही तोंडं काढली असतील. प्रत्येक वेळी साच्यातून तोंड सोडवायचं, कडा घासायच्या, कुणाला गुलाबी रंग द्यायचा, कुणाला सावळा. मोबाइल कानाला लावायचा नाहीतर काय करायचा तो.

तोवर पोरं आली होती. निकेतनं दोरीवरून बोट रोखलं, तोंडानं आवाज काढला आणि सांगितलं, त्या गुलाबी फिरंग्याला मीच मारलाय. रंभानं तोंड उघडलं. हा तुझा बापूस म्हणून ती मुंडासेवाल्याकडे बोट करणार, तर पोरगा विचारणार, आणि तो कोण? आणि तो? मुंडाशातला बापूस आणि दाढीतला फिरंगी असं तोंडांचं कोणी वाटप करू शकतं का? एकाला आपला म्हटलं तर बाकीच्यांना कुणाच्या दारात टाकायचं? आणि सगळेच म्हणावेत तर पाच वर्षांच्या पोरानं एक बाप इतक्यांदा मेलेला कसा न्यायचा बोईसरला? बाळानं हे सगळं त्या सुरीकडे बघत एका वाक्यात सांगितलं होतं, तिला कळलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं. क्षणभर तिला वाटलं की घेऊन जावं यांना, वरच्या बागेत समुद्र दाखवावा, बर्फाचा गोळा घ्यावा, संपवावं. पण नजर पुन्हा त्या चाकाशी गेली, आणि एवढ्या गार, मऊ पाण्यातून पाय काढवेना. तेवढ्यात निकेत दोरीखालून आत शिरला. वाळूत पळत गेला, मुंडासेवाल्याच्या आणि फिरंग्याच्या मधल्या मोकळ्या जागेत आडवा झाला, हात पसरले आणि म्हणाला, “मी पण मेलो.” डोळे मिटले. मान एका खांद्यावर टाकली. पोरं करतात तसं पापण्या थरथरवल्या नाहीत. अगदी स्वस्थ पडून राहिला.

कोपऱ्यातल्या पहारेकऱ्यानं शिट्टी वाजवली. दारात उभं असलेलं एक जोडपं हसलं, बाईनं मोबाइल काढला. भूमिका हसली नाही. ती दोरीला पोट लावून उभी होती आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती, गणित सोडवताना बघायची तशी. मग तिनं स्पष्ट आवाजात म्हटलं, “आजी, बघ ना. हे सगळे मेलेले निकेतसारखे दिसतात.”

रंभाला मागाहून पुष्कळदा आठवलं की तिचं ते घोळवलेलं वाक्य कुणीतरी तिच्या हातात आणून ठेवलं होतं. मुंडासेवाला का फिरंगी, बोट कुठं करायचं, काही अडचण राहिली नव्हती. पोरीनं अर्धी वाट चालून दिली होती. का दिसतात सांगू, एवढंच म्हणायचं होतं. पण तिला त्या वेळी वाळूत फक्त निकेत दिसत होता. जिवंत पोराचं तोंड मेलेल्याच्या पंक्तीत, आणि बोलणारी त्याची सख्खी बहीण, रविवारच्या भर दुपारी, देवाच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं. “न्हाय,” ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. “कुणासारखा दिसत न्हाय तो. पुतळे हायत ते. रंगवलेले. आपलं कोण न्हाय त्यांच्यात.”

ती दोरीखालून वाकली. कंबरेतून कळ गेली. वाळूत दोन पावलं टाकली, निकेतला दंडाला धरून उठवलं आणि त्याच्या पाठीत धपाटा घातला. आयुष्यात तिनं त्याला बोट लावलं नव्हतं. पोरगा आधी हसला, त्याला खेळ वाटला. मग तिच्या तोंडाकडे बघून रडू लागला. ते रडणं तिला इतकं बरं वाटलं की तिनं आणखी एक धपाटा घातला. मग वाळूतच टेकून दोन्ही हात त्याच्या तोंडावरून उतरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली, एकूण एक मोडली, कडाकडा. पहारेकरी जवळ आला होता. “अम्मा, अंदर जाना मना है, उधर लिखा है ना,” तो म्हणत होता, ओरडत नव्हता. हां, जाते, म्हणत ती उठायला गेली आणि तोल गेला. टेकायला म्हणून हात पुढे केला तो मुंडासेवाल्याच्या कपाळावर पडला. कपाळ गार होतं. गुळगुळीत, आणि आतून पोकळ. बोटाखाली डबा वाजावा तसा बारीक आवाज आला. तिनं हात काढला. बोटांना धूळ लागली होती. नुकतंच तोंडातून गेलेलं वाक्य तिला तेव्हा ऐकू आलं, दुसऱ्या कुणीतरी म्हटल्यासारखं, लांबून. आपलं कोण न्हाय. इतक्या जवळून म्हणाली होती. त्याला ऐकायचं असतं तर ऐकू गेलं असतं.

बाहेर पडायला एकच दार होतं, पलीकडच्या टोकाला, उन्हाचा चौकोन. तिनं एका हातात भूमिकाला धरलं, एका हातात हुंदके देणाऱ्या निकेतला, आणि चालू लागली. भूमिकाच्या हाताची पकड मोठ्या माणसासारखी झाली होती. मसणातून निघाल्यावर मागे वळून बघायचं नसतं, हे रंभानं पुरुषांच्या तोंडून ऐकलं होतं. बायका तिथं जातच नाहीत, त्यामुळे तिला कधी ते पाळायची वेळ आली नव्हती. धर्माजीनं पाळलं असेल, त्या दिवशी, एकट्यानं. आता मानेच्या मागे तिला सगळी खोली जाणवत होती, चाक, दगड, शिडी, वाळू, आणि तिची मान ताठ झाली, दुखू लागली, पण तिनं ती वळवली नाही. उंबऱ्यापाशी आल्यावर डाव्या हाताला ओढ लागली. निकेत तिरका चालत होता. त्याचं रडणं कधी थांबलं होतं ते तिला कळलं नव्हतं. गालांवर ओघळ तसेच, वाळू तशीच, आणि मान पार मागे वळवून तो बघत होता. आधी एकाकडे, मग दुसऱ्याकडे, कुणालाही न वगळता. पुढं बघ, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. मग त्याचा हात तसाच धरून, स्वतः बाहेरच्या उन्हाकडे तोंड करून, ती उंबऱ्यात उभी राहिली, त्याचं बघून होईस्तोवर.